सुट्टीचा वार कोणाचा?

कुरुळीसारख्या गावात आठवडा सर्वांसाठी एकाच दिवशी संपत नाही. पुणे-नाशिक महामार्गावर मोशीचा इंद्रायणीवरील पूल ओलांडून खेड तालुक्यात शिरल्यावर चाकणच्या अलीकडे लागणारे हे गाव महसुली दप्तरात अद्याप गावच आहे. परंतु त्याच्या शिवारात आता कांद्याच्या वाफ्यांपेक्षा पत्र्याच्या शेडी, गोदामे आणि भाड्याच्या खोल्यांच्या चाळी अधिक दिसतात, आणि मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून पोटासाठी येऊन त्या खोल्यांत राहिलेल्या कुटुंबांचे सारे दिवसमान कारखान्याच्या फलकावर लागणाऱ्या पाळ्यांच्या तक्त्याने ठरते. या पट्ट्यातील पुष्कळ कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, मुलांच्या शाळेला रविवारी, सरकारी कचेऱ्यांना २०२० पासून शनिवार-रविवारी आणि बँकांना दुसऱ्या व चौथ्या शनिवारी व रविवारी, अशी वारांची वाटणी असल्यामुळे एका छपराखाली राहणारी माणसे विश्रांतीसाठी एकत्र येतील असा दिवस आपोआप उगवत नाही. तो ठरवून, दुसऱ्याशी पाळी बदलून, साठवलेली 'सी-ऑफ', म्हणजे जादा कामाबदली मिळालेली सुट्टी, खर्ची टाकून मिळवावा लागतो.

ही वाटणी बेकायदा नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ५२ व्या कलमाने आठवड्याचा पहिला दिवस, म्हणजे रविवार, हा सुट्टीचा ठरवला, परंतु त्याच्या आधीच्या वा नंतरच्या तीन दिवसांपैकी एखादा दिवस बदली म्हणून देण्याची मुभा कारखानदारास ठेवली, आणि अशा अदलाबदलीत सलग दहा दिवसांहून अधिक काळ पूर्ण सुट्टीवाचून कोणाला राबवू नये एवढा निर्बंध घातला. वीज सर्वांना एकाच वेळी पुरावी म्हणून औद्योगिक वसाहतींचे सुट्टीचे वार निरनिराळे ठेवण्याची रीत पडली, तीतून आमच्या वाट्याला गुरुवार आला. कामगाराच्या शरीराला विश्रांती मिळावी एवढाच या तरतुदीचा हेतू धरला तर ती पुरेशी होती, कारण थकलेल्या पाठीला गुरुवार आणि रविवार यांत भेद करता येत नाही. परंतु कामगार हा कोणाचा तरी बाप किंवा कोणाची तरी आई असतो ही गोष्ट कलम ५२ मध्ये कोठेच येत नव्हती. आणि माझ्या मते आजच्या गृहस्थाश्रमातील पुष्कळशा ओढाताणीचे मूळ या राहून गेलेल्या गोष्टीत आहे.

साप्ताहिक सुट्टीचा विषय खेड तालुक्यात लिहिताना नारायण मेघाजी लोखंडे यांचे स्मरण टाळता येणार नाही, कारण ज्यांनी हिंदुस्थानातील गिरणीकामगाराला आठवड्याचा एक दिवस परत मिळवून दिला त्या लोखंड्यांचे मूळ गाव कन्हेरसर हे याच तालुक्यातले, कुरुळीपासून एका सकाळी सहज गाठता येईल इतक्या अंतरावरचे. त्यांचा जन्म १८४८ चा, ठाण्यातला. रेल्वेत आणि टपालखात्यात कारकुनी करून ते मुंबईतील एका गिरणीत भांडारपाल झाले, जोतीराव फुल्यांचे सहकारी म्हणून सत्यशोधक चळवळीत वावरले, आणि १८८० पासून 'दीनबंधू' पत्र त्यांनी मुंबईहून चालवले. १८८४ साली त्यांनी बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन स्थापन केली व सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. त्यातील मागण्या वाचल्या की त्या काळच्या कामगाराचे आयुष्य डोळ्यांपुढे उभे राहते: रविवारी सुट्टी असावी, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा. १८९० च्या एप्रिलात मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, तीत दोन स्त्री-कामगारही बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार. देवदर्शनाला, घरच्या कार्याला, सोयऱ्याधायऱ्यांकडे जायला कष्टकऱ्याला सोयीचा असा तोच एक दिवस होता.

या अर्जात मला सर्वाधिक मोलाची वाटते ती त्यातली हिशेबी वृत्ती. भांडारपालाचे कामच मुळी काय आले, काय गेले, किती उरले हे लिहिण्याचे; आणि जी वस्तू आजवर कोणी वहीत घेतलीच नव्हती, ती म्हणजे मजुराचा वेळ, तिची लोखंड्यांनी नोंद मागितली. अमुक वाजता आरंभ, अमुक वाजता शेवट, मध्ये इतका विराम, सातवा दिवस मोकळा. जो वेळ मोजला जात नाही तो कोणीही उचलून नेऊ शकतो, हे त्यांच्या मागणीमागील तत्त्व आजही तितकेच खरे आहे. आपल्या घरात शिरलेल्या संगणकाचा विचार मी त्याच तत्त्वाला धरून करू इच्छितो.

गेल्या काही वर्षांत शाळा, कचेऱ्या, बँका, वीजमंडळ, रुग्णालये या सर्वांनी आपापल्या खिडक्या उचलून आमच्या घरात आणून बसवल्या. मुलांच्या शाळेची सूचना, फी, गृहपाठ, बसची वेळ एका अ‍ॅपवर. शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज दुसरीकडे. आधार, 'अपार' हा विद्यार्थ्याचा ओळखक्रमांक, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला हे तिसरीकडे, चौथीकडे. प्रत्येकाचे सांकेतिक शब्द निराळे, प्रत्येकाला पाहिजे असलेल्या छायाचित्राचा आकार निराळा. पूर्वी कचेरीतला कारकून अर्जदाराच्या तोंडून ऐकून जो मजकूर रकान्यांत भरत असे, जी नक्कल उतरवून घेत असे, जी चूक जागीच दुरुस्त करून देत असे, ते सर्व काम आता पालक करतो, आणि ते काम आहे असे कोणी म्हणत नाही. त्याला सुविधा म्हणतात. लेखनिकाचे श्रम नाहीसे झाले नाहीत. ते पगारी माणसाच्या कार्यालयीन वेळेतून निघून बिनपगारी माणसाच्या विश्रांतीच्या वेळेत गेले. संगणकाच्या नावाने घराघरांतून जो वैताग ऐकू येतो तो यंत्राविषयीचा आहे असे वरवर दिसते, पण खोलात गेल्यास तो या न विचारता झालेल्या हस्तांतरणाविषयीचा असतो.

एक उदाहरण जवळून पाहण्याजोगे आहे. माझ्या धाकट्या मुलाचे नाव शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, जन्मदाखल्यावर आणि आधारकार्डावर अशा तीन ठिकाणी तीन प्रकारे लागलेले निघाले: एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी, आणि तिसऱ्या ठिकाणी आडनावाच्या इंग्रजी अक्षरांत एक 'ए' कमी. तिन्ही कागद तीन निरनिराळ्या यंत्रणांनी तयार केलेले होते, तिन्हींवर शिक्के होते; तरीही ते एकमेकांशी जुळवून आणण्याची जबाबदारी तिघींपैकी कोणावरच न पडता माझ्यावर पडली. गुरुवारी सकाळी पाळीवरून आलेल्या डोळ्यांनी मी जुन्या लॅपटॉपपुढे बसलो. नाव भरले, पत्ता भरला, मोबाइलवर आलेला ओटीपी भरला, जन्मदाखला जोडू गेलो तो फाईल ठरल्या मर्यादेहून मोठी निघाली. ती लहान केली तर अक्षरे पुसट झाली. पुन्हा फोटो काढून, कडा कापून, योग्य आकार साधेपर्यंत पडद्यावर 'तुमचे सत्र संपले आहे, पुन्हा लॉग-इन करा' ही ओळ उमटली आणि भरलेला सर्व मजकूर गेला. दुसऱ्या खेपेस ओटीपी आला नाही. तिसऱ्या खेपेपर्यंत वीज गेली, कारण देखभाल-दुरुस्तीसाठी वीजपुरवठा बंद ठेवण्याचा वारही इकडे बहुधा गुरुवारच असतो. अखेरीस रविवारी सातवीतल्या माझ्या मुलीने ते काम केले. चित्रातील वाकडीतिकडी अक्षरे तिने मोठ्याने वाचली, फाईल कोठे कमी करायची ते तिला ठाऊक होते, आणि ज्या सफाईने तिने तो अर्ज रवाना केला तिचे मला कौतुक वाटले.

परंतु त्या कौतुकाला एक बोच होती, आणि ती सांगितली पाहिजे. कुरुळीतील किती तरी घरांत आज दहा-बारा वर्षांची मुले आईबापांची कारकून झाली आहेत. बापाच्या भविष्यनिर्वाह निधीचा ओटीपी मुलगा सांगतो, आईच्या खात्याची केवायसी मुलगी करते, गॅसची नोंदणी, रेशनकार्डाची पडताळणी, गावाकडच्या आजोबांचा सातबारा, सर्व त्यांच्याकडे. मुलांना हे येते याचा अभिमान बाळगणे योग्यच. पण ज्या वयात मुलाने आपल्या बापाला काहीतरी उत्तम रीतीने करताना पाहावे, त्या वयात तो त्याला वारंवार अडखळताना, चिडताना, हताश होऊन पडदा मिटताना पाहतो. तो बाप कारखान्यात संगणकनियंत्रित यंत्रावर सूक्ष्म मापाचे सुटे भाग निर्दोष काढत असेल. ते मुलाला दिसत नाही, कारण कारखान्याच्या फाटकापुढे मुलाला प्रवेश नाही. घरात त्याला दिसतो तो एका रकान्यापुढे थांबलेला माणूस. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एम.एस.-सी.आय.टी. अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांतल्या तरुणांना संगणकापुढे बसवले. आमच्या चाळीत त्याचे प्रमाणपत्र असलेले अनेक पालक आहेत आणि तेही या संकेतस्थळांपुढे हतबल होतात. तेव्हा हा प्रश्न निरक्षरतेचा आहे, हे नेहमीचे उत्तर मला मान्य नाही.

शिक्षणहक्काच्या प्रवेशाचा प्रसंग तर याहून गंभीर. २००९ च्या कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांतील प्रवेशवर्गाच्या २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील बालकांसाठी राखून ठेवल्या, आणि महाराष्ट्रात त्या ऑनलाइन अर्ज व सोडत या मार्गाने भरल्या जातात. अर्ज करताना पालकाने नकाशावर फुगा सरकवून आपले राहते घर निश्चित करावयाचे असते, कारण शाळेपासूनच्या अंतरावर मुलाचा हक्क अवलंबून. कुरुळीत दोन शेडींच्या मागे, नाव नसलेल्या गल्लीत, एकसारख्या दारांच्या रांगेत जे कुटुंब राहते त्याने तो फुगा नेमका कोठे ठेवावा? भाडेकरू असेल तर नोंदणीकृत भाडेकरार पाहिजे. तो करून देण्यास घरमालक राजी असला पाहिजे. आणि राजी असला तरी करार नोंदवण्यासाठी पुन्हा संगणक आलाच. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य शासनाने नियम बदलून, ज्या खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा आहे तिला या बंधनातून मोकळे केले. त्याच वर्षी १९ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरवला, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय उचलून धरला. न्याय मिळाला ही समाधानाची गोष्ट. तथापि त्या मधल्या महिन्यांत आज अर्ज भरा, आता थांबा, पुन्हा नव्याने भरा, असे हेलकावे ज्या पालकांनी खाल्ले, त्यांच्या त्या तासांची नोंद कोणत्याही निकालपत्रात होणार नव्हती.

येथे कोणी म्हणेल, आणि रास्त म्हणेल, की पूर्वीची स्थिती फार सुखाची नव्हती. एका दाखल्यासाठी चाकणची वाहनकोंडी पार करून राजगुरुनगरास तहसील कचेरीत जावयाचे, साहेब फिरतीवर गेल्याचे ऐकून परत यावयाचे, पुन्हा जावयाचे, आणि प्रत्येक खेपेस एका दिवसाची मजुरी बुडवावयाची, हा अनुभव ज्यांनी घेतला त्यांना घरबसल्या अर्ज ही मोठीच सुटका वाटते. कंत्राटी कामगाराला 'खाडा' म्हणजे काय हे मी जवळून पाहिले आहे. त्याची मजुरी वाचवणाऱ्या कोणत्याही साधनाला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. म्हणून संगणक नको अशी माझी मागणी नाही. माझे म्हणणे इतकेच की मजुरी वाचली म्हणून वेळ वाचला असे समजू नये. मजुरीचा दिवस सोडवून घेताना आपण सुट्टीचा दिवस तारण ठेवला आहे, आणि हे तारण कधी सुटेल याची मुदत कोणी ठरवलेली नाही.

सुट्टी कशासाठी असते हे सांगितल्यावाचून ही तक्रार पुरी होत नाही. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस पाळी बदलून मी एक रविवार मिळवला आणि आम्ही चौघे निमगावच्या खंडोबाला गेलो. राजगुरुनगर मागे पडले की वाहनांचा कोलाहल एकदम विरतो. कांद्याची रोपे, बाजरीची कणसे, शेताच्या बांधावर उभे असलेले एखादे कडुनिंबाचे झाड, असा मोकळा मुलूख लागतो. टेकडीच्या पायऱ्या चढताना धाकट्याने भंडाऱ्याची पुडी स्वतःच्याच डोक्यावर ओतून घेतली आणि तो पिवळाधमक होऊन पुढे धावू लागला. त्याची आई, जी एरव्ही दवाखान्याच्या नोकरीत दिवसभर पावत्या फाडते, पायरीवर बसून मनसोक्त हसली. थोरली मात्र काही वेळ गप्प होती. मग वर देवळाच्या ओवरीत तिने विचारले की खंडोबाला दोन बायका का. आणि त्या प्रश्नावरून म्हाळसा, बाणाई, धनगरांचे दैवत, जेजुरी अशी गोष्ट निघाली ती तास-दीड तास चालली. इतका सलग वेळ ती माझ्याशी पूर्वी कधी बोलली होती ते मला आठवेना. तेथून पुढे कन्हेरसरला यमाईच्या दर्शनाला गेलो, तेव्हा लोखंड्यांची हकीकत मी मुलांना सांगितली. ज्या परिसरात निमगाव, दावडी, कन्हेरसर येतात, तेथल्या जमिनी विशेष आर्थिक क्षेत्रासाठी संपादित झाल्या. म्हणजे सुट्टी मिळवून देणाऱ्याच्या मूळ गावाच्या वेशीपर्यंत पाळ्यांचा तक्ता येऊन पोहोचला आहे, हेही त्यांना दाखवले.

अशा सहलीत मोठे काही घडत नाही. परंतु मुलाच्या मनातला प्रश्न ठरवून बाहेर येत नाही. त्याला भोवती पुष्कळ रिकामा वेळ लागतो, आणि तो वेळ कोणाचेही काही देणे नसलेला असावा लागतो. अर्ध्या तासाच्या फटीत, एक डोळा मोबाइलवर ठेवून, थोरलीने तो प्रश्न विचारला नसता. त्या दिवशीही दुपारी एक संदेश आलाच: एका अर्जातील त्रुटी आजच रात्री बारापूर्वी दुरुस्त करावी, अन्यथा अर्ज बाद समजला जाईल. भीमेच्या काठी जेवायला बसण्याचा बेत सोडून आम्ही चार वाजता परत फिरलो. रविवारी रात्री बाराची मुदत घालणाऱ्याने ती कोणत्या विचाराने घातली असेल? त्या वेळी त्याची स्वतःची कचेरी बंद, मदतीचा दूरध्वनी बंद, शंका विचारावयास कोणी नाही. अशी मुदत यंत्र पाळते म्हणून माणसानेही पाळावी, यात मला अन्याय दिसतो.

आता उपायाविषयी. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवा किती दिवसांत द्यावयाची हे त्याने ठरवले, विलंब झाल्यास अपिलाची तजवीज केली आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास दंडाची तरतूद ठेवली. कायदा चांगला आहे. पण त्यात मोजले जातात ते अधिकाऱ्याचे दिवस. नागरिकाचे तास त्यात येत नाहीत: एक अर्ज पुरा करण्यास सामान्य माणसाला किती वेळ बसावे लागते, किती वेळा आरंभापासून भरावे लागते, याची नोंद ठेवण्याचे बंधन कोणत्याही खात्यावर नाही, वस्तुतः ही नोंद ठेवणे संगणकाला सर्वांत सोपे असताना. ती ठेवली जावी आणि प्रसिद्ध व्हावी, एवढ्यानेच पुष्कळ सुधारणा होईल असे मला वाटते. त्याजबरोबर, एका शासकीय खात्याने दिलेला कागद दुसऱ्या खात्याने पालकाकडे पुन्हा मागू नये. अर्धा भरलेला अर्ज जतन होऊन राहावा. मुदत संपण्याचा दिवस कामाचा असावा आणि वेळ कचेरी उघडी असतानाची असावी. शाळांनीही रविवारी सूचना पाठवू नयेत. यांपैकी कशालाही नवे यंत्र लागत नाही.

गावापुरते बोलायचे तर ग्रामपंचायतीतल्या सेवा केंद्रांच्या वेळा कामगाराला सोयीच्या कराव्यात. सकाळी दहा ते सायंकाळी सहा ही वेळ शेतकरी गावाला ठीक होती. ज्या गावात निम्मी माणसे त्या वेळी कारखान्यात आणि उरलेली रात्रपाळी करून झोपलेली असतात तेथे ती निरुपयोगी आहे. आठवड्यातून तीन दिवस सायंकाळी सात ते नऊ केंद्र उघडे राहावे, तेथे अर्ज भरून देणारा जाणता माणूस मानधनावर नेमावा, आणि भाडेकरू कुटुंबांना गावचे रहिवासी मानून त्यांनाही ही सेवा विनातक्रार मिळावी, असा ठराव मी येत्या ग्रामसभेत मांडणार आहे. भाडेकरूंना ग्रामसभेत बोलू द्यावे की नाही यावर गावात दोन मते आहेत, हे मी जाणून आहे. पण ज्यांच्या भाड्यावर गावातले निम्मे संसार चालतात त्यांच्या मुलांचे दाखले हा गावाचाच प्रश्न आहे, हे पटवून देता येईल असा मला विश्वास वाटतो. तोवर चाळीतील ज्यांना अर्ज भरावयाचे असतील त्यांनी गुरुवारी सकाळी, वीज जाण्यापूर्वी, कागद घेऊन माझ्याकडे यावे, आणि मुलांना बरोबर आणू नये, असे मी सर्वांना सांगून ठेवले आहे.